रक्त नाही, पण पाय जपून टाकतोय: मस्तीनंतर कुत्र्याचं अंग कसं चाचपावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन वर्षांचा शेरू, देशी, वजन 18 किलो. संध्याकाळी सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत शेजारच्या लॅब्राडोरबरोबर अर्धा-पाऊण तास झोंबाझोंबी झाली. मध्येच एकदा शेरू केकाटला, पण लगेच पुन्हा खेळायला लागला. घरी आल्यावर पुढचा उजवा पाय जपून टाकतोय आणि मानेला हात लावला की मान काढून घेतोय. रक्त कुठेच नाही, जेवला नेहमीसारखा. सासूबाई हळद-तेल लावा म्हणतात. दवाखाना उद्या सकाळी उघडेल. तोवर थांबायचं का, आणि घरी नेमकं काय बघायचं?

थांबायचं की नाही हे आधी ठरवू, ते दोन-तीन मिनिटांत ठरतं. अंग तपासायला मात्र पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि ते एकदा करून भागत नाही. आत्ता एकदा, झोपण्यापूर्वी एकदा आणि सकाळी तो अंथरुणातून उठेल तेव्हा एकदा. खेळाच्या जोशात कुत्र्याला दुखणं जाणवत नाही. सूज यायला काही तास लागतात, आणि आखडलेला सांधा रात्रभर पडून राहिल्यावरच खरा बोलतो.

तुमच्या वर्णनात मला सगळ्यात जास्त खटकलं ते ‘रक्त कुठेच नाही’ हे वाक्य, कारण त्यावरच तुम्ही निर्धास्त झालात. मानेवरची आणि खांद्यांवरची कातडी सैल असते. समोरच्याचा सुळा आत जातो, तो मान झटकतो किंवा आपला कुत्रा हिसका देऊन सुटतो, आणि सुळ्याबरोबर कातडी सरकते. वर उरतं तुरीच्या दाण्याएवढं किंवा त्याहूनही बारीक भोक. खाली मात्र कातडी मांसापासून सुटून मोठी पोकळी झालेली असू शकते. रक्त केसांतच मुरतं, भोक काही तासांत चिकटतं आणि लाळेतले जंतू आत कोंडले जातात. मग दोन ते पाच दिवसांनी गळू येतं, ताप येतो, आणि घरच्यांना वाटतं हे अचानक कुठून आलं. म्हणून मस्तीनंतरची तपासणी डोळ्यांपेक्षा बोटांनी करायची असते.

आधी तातडीचं. शेरूचा वरचा ओठ उचला, सुळ्याच्या वर हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. देशी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात. तसं असेल तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा. फिकट, पांढुरका किंवा निळसर दिसला तर सकाळची वाट बघू नका. तो शांत पडलेला असताना छातीचं एकदा वर-खाली होणं म्हणजे एक श्वास, असे अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. झोपेत किंवा आरामात 30 च्या आत हवेत. खेळून आल्यावर धापा टाकणं स्वाभाविक आहे, पण सावलीत पाणी पिऊन अर्ध्या तासानंतरही धाप कमी होत नसेल, श्वास घेताना पोट आत खेचलं जात असेल, मागचे पाय लटपटत असतील, पाय अजिबात टेकवत नसेल किंवा तो विचित्र वाकडा दिसत असेल, पोट फुगून कोरड्या उलट्या काढत असेल, किंवा एक डोळा घट्ट मिटून बसला असेल, तर रात्रीच निघा. लहान चणीच्या कुत्र्याला मोठ्या कुत्र्याने तोंडात धरून झटकलं असेल, तर बाहेरून काहीही दिसत नसलं तरी निघा. त्यात बरगड्यांना आणि फुप्फुसाला मार लागलेला असू शकतो. शेरू 18 किलोचा आहे आणि समोर ओळखीचा लॅब्राडोर होता, त्यामुळे तुमच्याकडे हा धोका बराच कमी.

यातलं काहीच नसेल, शेरू पायावर भार देत असेल आणि जेवला असेल, तर सकाळपर्यंत थांबायला माझी हरकत नाही. आता सावकाश तपासू.

हात लावण्याआधी त्याला चालताना बघा. घरातल्या गुळगुळीत फरशीवर नको, तिथे धडधाकट कुत्राही जपून चालतो. पार्किंगमधली सिमेंटची जमीन किंवा जिन्यासमोरचा खडबडीत कोबा चालेल. पट्टा सैल धरून कुणाला तरी त्याला दहा-पंधरा पावलं सावकाश सरळ नेऊन परत आणायला सांगा, आणि तुम्ही समोरून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. लोक नेमकं उलट समजतात. डोकं खाली जाताना जो पाय जमिनीवर असतो तोच दुखरा धरतात आणि मग भलताच पाय चोळत बसतात. मागच्या पायाचं दुखणं असेल तर त्या बाजूचा ढुंगणाचा भाग प्रत्येक पावलाला वर झटकतो. बसताना एक पाय बाहेर पसरून बसतो का, हेही बघा. गुडघ्याचं दुखणं तिथे लवकर कळतं.

आता हात लावू. गळ्यातला पट्टा आणि हार्नेस काढून ठेवा. एकाने शेरूच्या बाजूला बसून ताटलीत पातळ पसरलेलं दही चाटायला धरायचं, दुसऱ्याने तपासायचं. त्याच्या डोक्यावर वाकून उभं राहू नका आणि मिठी मारून आवळू नका. दुखत असताना सगळ्यात लाडका कुत्राही चावतो. मध्येच जीभ ओठांवरून फिरवणं, तोंड वळवून घेणं, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागणं, अंग एकदम ताठ होणं, या सगळ्या ‘इथे दुखतंय’ म्हणायच्या पद्धती आहेत. तिथेच थांबा, जागा लक्षात ठेवा आणि दुसरीकडे वळा. गुरगुरला तर रागावू नका. गुरगुरण्याबद्दल ओरडा खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता थेट चावतो.

सुरुवात न दुखणाऱ्या बाजूने करायची. शेरूचा उजवा पाय दुखतोय म्हणून आधी डावा पाय चाचपा, म्हणजे त्याला हाताची सवय होते आणि नेहमीचा स्पर्श कसा असतो ते तुम्हालाही कळतं. दोन्ही बाजूंची एकच जागा लागोपाठ दाबून बघणं, ही घरच्या तपासणीतली सगळ्यात खात्रीची पद्धत. एकच बाजू बघितली तर हाडाचा नेहमीचा उंचवटाही सूज वाटतो. जोर किती, तर आंबा पिकलाय का बघताना अंगठ्याने लावतो तेवढा. ऊब बघायला तळहात नको, बोटांची मागची बाजू वापरा.

तुमच्या बाबतीत मान ही सगळ्यात महत्त्वाची जागा आहे. तिथे दोन गोष्टी संभवतात. एक सुळ्याचं भोक. दुसरी पट्ट्याची दुखापत, कारण खेळताना एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकतो, दोघेही घाबरून पिळे घेतात आणि मानेला झटका बसतो. कानामागून सुरू करा. बोटांची टोकं कातडीपर्यंत जाऊ देत केसांच्या उलट दिशेने, एका वेळी चार बोटांच्या रुंदीची पट्टी, असं खांद्यापर्यंत या. लाळेने ओले होऊन वाळलेले केस चिकटून कडक झुबके झालेले असतात. असा झुबका सापडला की थांबा, समोरच्याचं तोंड तिथे पोचलं होतं. तिथले केस पाण्याने ओले करून बाजूला सारा आणि टॉर्चच्या उजेडात कातडी बघा. एक भोक सापडलं की दुसरं शोधायचंच. सुळे वर दोन, खाली दोन असतात, त्यामुळे भोकं सहसा एकटी नसतात. जोडीचं भोक बऱ्याचदा गळ्याच्या खालच्या बाजूला, आपल्या नजरेआड असतं.

केस दाट असतील तर पांढरा सुती रुमाल कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि मान, खांदे, काखा, छाती यांवर हलके टेकवत जा, पुसू नका. रुमालावर फिकट गुलाबी किंवा पिवळसर ठिपका उमटला की त्या जागी परत जा. काळ्या आणि गडद तपकिरी कुत्र्यांमध्ये डोळ्यांना न दिसलेली भोकं रुमालावर अशी सापडतात. कारवान, पश्मी अशा सडपातळ कुत्र्यांची कातडी पातळ, तिच्याखाली चरबी नाहीच. त्यांच्यात भोकाऐवजी सरळ चिरच पडते आणि ती चटकन दिसते. कातडीखाली दाबल्यावर बारीक चुरचुर जाणवली, कोरड्या वाळूवर बोट फिरवल्यासारखी, तर तिथे हवा शिरली आहे. तसं असेल तर सकाळची वाट बघायची नाही.

मान वळते का हे हाताने वळवून कधीही बघू नका. दह्याची ताटली नाकासमोर धरून सावकाश डावीकडे, उजवीकडे, मग खाली जमिनीकडे न्या. तो मान वळवून मागे येतो की अख्खं अंग वळवतो, एवढंच बघा. अख्खं अंग वळवत असेल किंवा खाली वाकायला तयार नसेल, तर मान दुखतेय. पाण्याचं भांडं पाटावर ठेवा आणि उद्या डॉक्टरांना हे सांगा. पुढचा पाय जपणं आणि मान दुखणं एकत्र असेल तर पायाचं मूळही मानेत असू शकतं. म्हणूनच पंजा उलटा करून, वरची बाजू जमिनीला टेकवून सोडून बघा. तो लगेच सरळ करायला हवा. उशीर लागला किंवा तसाच राहू दिला, तर नसांचा प्रश्न आहे आणि रात्रीच निघायला हवं.

आता उजवा पाय, आणि खालून वर. पुढच्या पायाच्या किरकोळ लंगडण्याचं कारण बहुतेक वेळा पंजात असतं आणि लोक खांद्यात शोधत राहतात. एकेक नख दोन बोटांत धरून किंचित हलवा. आतल्या बाजूला वर असतं ते अंगठ्याचं नख विसरू नका. ते जमिनीला घासत नाही, वाढून आकडा होतं आणि झोंबाझोंबीत हमखास अडकतं. नख मुळाशी हललं किंवा चीर दिसली तर आतली नस उघडी पडली आहे, आणि ते फार दुखतं. लोंबणारा तुकडा घरी ओढून काढू नका, डॉक्टर तो कापतील. रक्त येत असेल तर कोरडं कापड पाच ते दहा मिनिटं न उचलता दाबून धरा. दर अर्ध्या मिनिटाने उचलून बघितलं तर ते थांबत नाही. न थांबल्यास बारीक केलेली तुरटीची पूड चिमूटभर दाबा. झोंबते, पण नखाच्या टोकावर चालते. कातडीच्या जखमेवर नको.

मग तळवे आणि बोटांमधल्या फटी. तळव्याच्या कडेची चीर दाबल्याशिवाय उघडत नाही, म्हणून गादी दोन्ही अंगठ्यांनी हलकेच फाकवून बघा. पावसाळा संपल्यावर, गवत वाळलं की रिकाम्या प्लॉटवरची कुसळं बोटांच्या फटीत शिरतात. कुसळाच्या टोकाला मागे वळलेले केस असतात, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. बाहेर दिसत असेल तर चिमट्याने ते ज्या दिशेने गेलं त्याच्या उलट सरळ ओढा. बाहेर काहीच दिसत नाही पण दोन बोटांमध्ये लालसर, टपोरी गाठ आहे आणि तो सतत तेच चाटतोय, तर कुसळ आत गेलं असावं. ती गाठ पिळू नका. बाभळीच्या काट्याचंही तेच, टोक आत मोडलेलं असतं.

पंजात काही नाही सापडलं तर मनगट, कोपर, खांदा असं वर या. प्रत्येक सांधा एका हाताने वर आणि एका हाताने खाली धरून, जेवढा सहज दुमडतो आणि सरळ होतो तेवढाच हलवा. डाव्या पायाशी तुलना करा. काखेत हार्नेस घासून सोललं आहे का तेही बघा. असं सोललेलं असलं तरी कुत्रा लंगडतो आणि आपण सांध्यात कारण शोधत बसतो.

बाकी अंग लवकर होतं. कानाच्या पातळ कडेला चीर पडली की रक्त भरपूर उडतं, पण दाबून धरलं की थांबतं. दोन्ही डोळे सारखे उघडे असावेत. पाणी, मिचकावणं, पंजाने चोळणं यातलं काही दिसलं तर बुबुळावर ओरखडा असू शकतो, आणि घरात पडलेले जुने थेंब अजिबात घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर ओरखड्याचा व्रण होतो. ओठ उचलून सुळे तुटलेत का बघा. पोट आणि मांड्यांच्या आत, जिथे केस विरळ असतात, तिथे काळं-निळं पडलंय का ते दुसऱ्या दिवशी नीट दिसतं.

इथेच एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्याकडे गोचिडी बारा महिने असतात. साध्या मस्तीत पोटावर मोठे काळे-निळे डाग पडले, हिरड्यांवर किंवा पोटावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले, किंवा लहानशा चिरेतून रक्त थांबेना, तर प्रश्न मस्तीचा नाही. गोचीड तापात रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी होतात आणि मग असं होतं. डॉक्टरांना रक्त तपासायला सांगा.

भोक सापडलं असं धरून चालू. आजूबाजूचे केस ट्रिमरने काढा. कात्रीच वापरायची असेल तर कातडी आणि कात्री यांच्यामध्ये फणी धरा. औषधाच्या दुकानात सलाइनची बाटली मिळते. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे दोन सपाट चमचे मीठ घाला. सुई काढलेल्या 20 मिलीच्या सिरिंजने जखमेवरून ते पाणी सोडा. भोकात सिरिंज खुपसून जोराने ढकलू नका, घाण आणखी आत जाते. मग पोव्हिडोन आयोडीन बिनदुधाच्या फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. पिळू नका, मलम भरून तोंड बंद करू नका, घरी पट्टी आवळू नका. सुळ्याची जखम उघडी राहिलेली बरी, आतलं बाहेर यायला वाट हवी. चाटू नये म्हणून गळ्यात कोन, म्हणजे तोंडाभोवतीचं शंकूसारखं कडं, घाला. भोक कितीही बारीक असो, उद्या डॉक्टरांना दाखवाच.

सासूबाईंच्या हळदीबद्दल. त्यांचा हेतू चांगला आहे, पण हळद-तेलाने कडा पिवळ्या होतात आणि उद्या लाली आहे का, पू आहे का हे डॉक्टरांना ओळखता येत नाही. तेलावर केस आणि धूळ बसते, वर तो ते चाटत राहतो. डेटॉल आणि स्पिरीटने ताज्या जखमेच्या पेशी भाजतात, तेही नको. जखमेवर माशा बसू देऊ नका. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात एका दिवसात अळ्या पडू शकतात. पडल्याच तर टर्पेंटाइन किंवा डांबरगोळी न घालता दवाखाना गाठा.

आणि कृपा करून माणसाची दुखण्याची गोळी देऊ नका, अर्धीही नाही, पावही नाही. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या आतड्यात व्रण होतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. पॅरासिटामॉल यकृताला बाधतं. किंचित लंगडणाऱ्या कुत्र्याचं किरकोळ दुखणं गोळीने जिवावर बेततं. शिवाय उद्या डॉक्टरांना योग्य औषध देता येत नाही, कारण अशी दोन वेदनाशामकं एकत्र चालत नाहीत. बाम आणि स्प्रेही नको, तो चाटतो. सूज असेल तर बर्फ रुमालात गुंडाळून दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, पहिले दोन दिवस. शेक नको.

लॅब्राडोरच्या घरी लसीचं पुस्तक मागून घ्या, संकोच करू नका. दोघांचीही रेबीजची लस वेळेवर झालेली असेल तर चिंता कमी. खेळात एखादा अनोळखी कुत्रा शिरला होता अशी शंका असेल, तर भोक सापडताक्षणी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, हातमोजे घालून. शेरूची लस झालेली असली तरी पुढच्या मात्रेबद्दल उद्याच विचारा. तपासताना शेरू तुम्हाला चावला किंवा त्याची लाळ तुमच्या हातावरच्या ताज्या कापल्यावर लागली, तर तुम्हीही तसंच धुवा आणि त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांकडे जा.

ताप उद्या सकाळी बघा, खेळल्यावर लगेच नाही. तेव्हा तापमान तसंही चढलेलं असतं. डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारात दोन सेंटिमीटर. 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट ठीक. 103 च्या वर आणि मानेवर सूज असेल तर आत संसर्ग सुरू झाला आहे. दवाखान्यात जाताना पार्किंगमधली चित्रफीत, मानेवरच्या जागेचा रुपयाचं नाणं शेजारी ठेवून काढलेला फोटो आणि केकाटण्याची वेळ, एवढं बरोबर असू द्या. दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेला कुत्रा लंगडायचं विसरतो आणि मग डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही.

सकाळी भोक नाही, ताप नाही, लंगडणं कालच्यापेक्षा कमी असं असेल तर बहुधा स्नायूला ताण आहे. पाच ते सात दिवस फक्त पट्ट्यावर, शी-शूसाठी. सोफ्यावरून उड्या नाहीत, जिना शक्य तितका टाळा, फरशीवर सतरंज्या किंवा योगाच्या मॅट टाका. दोन दिवसांत फरक नसेल, किंवा एकदा कमी होऊन पुन्हा वाढलं, तर दाखवा. पाचव्या दिवसापर्यंत मान रोज एकदा चाचपत राहा, गळू तेव्हाच वर येतं.

लॅब्राडोरची गाठ सलग दोन दिवस शेरू न लंगडता चालल्यावरच. दोघांचेही पट्टे काढून, कुंपण असलेल्या जागेत, जेवणानंतर निदान तासभर जाऊ देऊन. पाच-सात मिनिटांनी दोघांना हाक मारून पाणी पाजा, श्वास खाली येऊ द्या, मग पुन्हा सोडा. आणि कुणीही केकाटलं की खेळ तिथेच थांबवून लगेच मानेवरून बोटं फिरवा. केस ओले असतानाच ती जागा सापडते.